कुलूप लावण्यापूर्वी : संग्रहालयांची दुरुस्ती करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
संग्रहालयांचे संचालक, अभिरक्षक, वास्तुविशारद आणि दुरुस्तीच्या खर्चावर सही करणारे अधिकारी,
मुक्काम भोपाळ, नागपूर, मुंबई आणि जिथे जिथे असाल तिथे.

सन्माननीय महोदय आणि महोदया,



‘नूतनीकरणाच्या कामामुळे संग्रहालय बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ ही पाटी आपल्यापैकी कुणी ना कुणी कधीतरी लावली आहे, किंवा लवकरच लावणार आहे. पाटीवर क्षमा असते, तारीख नसते. उघडणार कधी, आतल्या वस्तू सध्या कुठे आहेत, अभ्यासकाने चौकशी कुणाकडे करायची, यांतले काहीच तिच्यावर सापडत नाही. या पाटीबद्दल मला आपल्याशी सविस्तर बोलायचे आहे.

मी जबलपूरचा. आमच्याकडे भंवरतालाजवळ राणी दुर्गावती संग्रहालय आहे. १९७६ साली ते उभे राहिले, म्हणजे आता पन्नाशीला टेकले. कलचुरी राजांच्या काळातली शिल्पे, शिलालेख, ताम्रपट, नाणी असा त्याचा ऐवज आहे. पन्नास वर्षांच्या सरकारी इमारतीला आज ना उद्या मोठे काम काढावेच लागते. ते निघेल तेव्हा निघेल. पण इतर गावांत अशा कामांच्या वेळी काय होते ते पाहिले असल्यामुळे मी आधीच धास्तावलो आहे. एकदा निविदा निघाली, पहाड बांधले गेले, की नागरिकाच्या तक्रारीला कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र काम निघण्याच्या आधी लिहितो आहे. मराठीत लिहितो, कारण १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती आणि आमच्या इतिहासाचे पुष्कळसे दगड, कागद आणि अभ्यासक नागपूरच्याच रस्त्याने आले-गेले. शिवाय पाटी हिंदीत असो की मराठीत, मजकूर तोच असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुरुस्तीला माझा विरोध नाही. गळते छत, सडलेल्या वायरी, वाळवी लागलेली कपाटे, चाकांच्या खुर्चीला वर चढायला उतार नाही, अशा अवस्थेत संग्रहालय चालवणे हा वस्तूंवर आणि माणसांवर अन्याय आहे. आमच्या शहराला तर २२ मे १९९७च्या पहाटेचा भूकंप आठवतो. चौथऱ्यावर नुसती टेकवून ठेवलेली दगडी मूर्ती भूकंपात काय करील, याचा विचार जबलपूरकराला शिकवावा लागत नाही. इमारत भक्कम करा, मूर्ती नीट जखडा, वायरी बदला; पैसा लागेल तो लावा. माझे म्हणणे इतकेच की इमारतीचे काम चालू असताना संग्रहालयाचे काम बंद पडायचे कारण नाही. घरातला ओटा फोडला म्हणून कुणी उपाशी राहत नाही; पडवीत शेगडी मांडून दोन वेळचा स्वयंपाक होतोच. आपण मात्र ओट्याबरोबर चूलही विझवता.

आता तक्रारी एकेक करून मांडतो, आणि प्रत्येक तक्रारीपाठोपाठ मागणीही.

पहिली तक्रार तारखेची. सरकारी कामाला मुदतवाढ मिळते हे आपण जाणता, आम्हीही जाणतो. तरी प्रत्येक वेळी योजना अशी आखली जाते की जणू काम ठरल्या दिवशी संपणारच आहे, आणि तोवर दार लावून घेतले तर बिघडत नाही. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००३ मध्ये जतनकामासाठी बंद झाले आणि जानेवारी २००८ मध्ये उघडले. काम इतके सुरेख झाले की युनेस्कोने त्याचा गौरव केला, आणि तो यथायोग्यच होता. पण बंद झाले तेव्हा पाचवीत असलेले भायखळ्याचे पोर ते उघडेपर्यंत दहावीच्या उंबरठ्यावर पोहोचले. ज्या वयात नुसत्या कुतूहलाने तिथे भटकायचे, ते वय निघून गेले. इतक्या सुंदर कामालाही ही किंमत मोजावी लागली. जिथे काम सुंदर होत नाही तिथला हिशेब आपणच करा.

याउलट अ‍ॅमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम पाहा. २००३च्या अखेरीस मुख्य इमारत बंद झाली. पाचेक वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. मग इमारतीच्या पोटातून जाणाऱ्या सायकलींच्या वाटेवरून वाद झाला, निविदांच्या अडचणी आल्या, आणि एप्रिल २०१३ उजाडला. म्हणजे मुदतवाढ हा काही फक्त आपल्याकडचा रोग नव्हे. फरक असा की त्यांनी फिलिप्स विंग नावाची एक बाजू जवळजवळ सगळा काळ उघडी ठेवली आणि निवडक चारशेच्या आसपास उत्तम वस्तू तिथे मांडल्या. काम लांबले, पण दहा वर्षांत आलेला माणूस रेम्ब्रांट न पाहता परत गेला नाही.

म्हणून पहिली मागणी. काम टप्प्याटप्प्याने काढा आणि कोणत्याही दिवशी किमान एक दालन उघडे राहील असे बघा. आमच्या संग्रहालयापुरते बोलायचे तर एका दालनात पंचवीस-तीस वस्तू पुरेत, पण त्या सर्वोत्तम असाव्यात. आणि पाटीवर तारीख लिहा. ती चुकली तर खोडून दुसरी लिहा, लांबण्याचे कारणही लिहा. खोडलेल्या तारखेचा आम्हाला राग येत नाही. न लिहिलेल्या तारखेचा येतो.

दुसरी तक्रार वस्तूंच्या हलवाहलवीची. काम निघाले की सामान हलवावे लागते, आणि लोकार्पणाची तारीख आधी ठरलेली असली की ते घाईने हलवले जाते. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयाची द्विशताब्दी २०१४ साली होती. त्यासाठी सप्टेंबर २०१३ पासून दारे लावून काम काढले आणि फेब्रुवारीत उघडले. त्या धामधुमीत, डिसेंबरात, रामपुरव्याच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाला इजा झाली. दोन हजारांहून अधिक वर्षे ऊन-पाऊस सोसलेला दगड दुरुस्तीच्या काळात दुखावला, याहून बोलका दाखला शोधायला नको.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण पॅरिसचे. नोत्र-दामच्या शिखराभोवतीचे सोळा तांब्याचे पुतळे दुरुस्तीसाठी ११ एप्रिल २०१९ रोजी क्रेनने खाली उतरवले गेले. चारच दिवसांनी आग लागली आणि शिखर कोसळले. पुतळे वाचले, कारण नोंद करून, वेळापत्रक ठरवून ते आधीच हलवले गेले होते. जुन्या वास्तूला सर्वांत मोठा धोका तिच्या दुरुस्तीच्या दिवसांतच असतो: वेल्डिंगची ठिणगी, कटरची धूळ, ड्रिलची थरथर, उघडे पडलेले छत आणि अवेळी आलेला पाऊस. या दिवसांत आतल्या वस्तूंवर अभ्यासू नजर जास्त हवी, आणि नेमकी तेव्हाच आपण ती काढून घेता.

वस्तू ‘तात्पुरती’ हलवणे म्हणजे काय, याचा जबलपूरला जुना अनुभव आहे. कलचुरी राणी अल्हणादेवीने भेडाघाटला शिवमंदिर बांधले, त्याच्याजवळ मठ, व्याख्यानशाळा आणि बागा केल्या. हे सांगणारा ११५५ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने अभ्यासला, छापला, आणि दगड अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे रवाना केला. नर्मदेकाठच्या राणीचे शब्द साता समुद्रापार गेले. बिलहरीचा मोठा शिलालेख, ज्यात कलचुरींच्या त्रिपुरी दरबारी राहिलेल्या कवी राजशेखराचा उल्लेख येतो, तो नागपूरच्या संग्रहालयात गेला. नागपूर तेव्हा राजधानीच होती, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण एकदा हललेला दगड सहसा परत येत नाही, हे आमच्या पक्के लक्षात आहे.

म्हणून दुसरी मागणी. पहिली वस्तू जागची हलण्याआधी संपूर्ण यादी तयार करा. प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी फोटो, माप, आधीच असलेल्या भेगा-टवके यांची नोंद, ती कोणत्या पेटीत आणि कोणत्या खोलीत गेली याचा क्रमांक. ही यादी संग्रहालयात आणि जिल्हा ग्रंथालयात कुणालाही पाहता येईल अशी ठेवा. काम संपल्यावर त्याच यादीवर बोट ठेवून मोजदाद करा, आणि त्या वेळी शहरातले दोन-चार जाणकार नागरिक बोलवा. संशय म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून.

तिसरी तक्रार माणसांची आणि वेळेची. दार बंद झाले की अभिरक्षकाला दुसऱ्या जिल्ह्याचा अतिरिक्त कार्यभार मिळतो, मार्गदर्शक इतरत्र धाडले जातात, आणि संग्रहालयात उरतो चौकीदार. मी शिक्षकी पेशातला. एकदा मुलांना घेऊन परगावी एका संग्रहालयात गेलो, गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, तर दारावर ती पाटी. चौकीदार भला माणूस होता. त्याने मुलांना व्हरांड्यात बसून डबे खाऊ दिले आणि म्हणाला, ‘सहा महिन्यांनी या, मास्तर.’ जाळीच्या दारातून आत पाहिले तर निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली एक मूर्ती, आणि ताडपत्रीच्या खालून बाहेर आलेले तिचे पाऊल, वर सिमेंटचा थर. पैंजणाची घडण तेवढी ओळखू येत होती. मुले आळीपाळीने त्या पावलाकडे पाहत होती, ही कुणाची मूर्ती म्हणून विचारत होती. चौकीदाराला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते, आणि ज्याला ठाऊक असायचे तो दुसऱ्या गावी होता.

संग्रहालयाच्या माणसांकडे ज्या कामासाठी कधीच वेळ नसतो, ते करण्याची हीच तर वेळ. भांडारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या वस्तूंची नावनिशी लावणे, चुकीच्या पाट्या सुधारणे, शिलालेखांचे नवे ठसे घेणे, सूची छापणे. यात अशक्य असे काही नाही. सागर विद्यापीठाच्या डॉ. मो. गं. दीक्षितांनी १९५२ साली तेवरला, म्हणजे जुन्या त्रिपुरीला, उत्खनन केले आणि १९५५ साली त्याचा अहवाल छापून हाती आला. त्याच १९५५ साली महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी कलचुरी-चेदी शकातले लेख एकत्र करून प्रसिद्ध केले. सात दशके लोटली तरी कलचुरींचा अभ्यासक ते ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे सरकत नाही. संगणक नाही, मोबाईलचा कॅमेरा नाही, तरी ही दोन माणसे काय करून गेली! आपल्या दुरुस्तीला तीन वर्षे लागणार असतील तर त्या तीन वर्षांत निदान एक धड सूची निघावी, ही मागणी अवाजवी वाटू नये. त्यासाठी कामाच्या काळात अभिरक्षकाची बदली करू नका. तो हवाच.

चौथी तक्रार, आणि ही माझ्या मते सर्वांत मोठी. आपण संग्रहालय म्हणजे इमारत असे समजता. जबलपुरात तर असे समजणे फारच महागात पडेल, कारण आमचे अर्धेअधिक संग्रहालय भिंतींच्या बाहेरच आहे. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींच्या वर्तुळाकार ओवऱ्यांत उभे राहा. हात तुटलेले, नाके उडालेली. पण पायाशी कोरलेली नावे अजून वाचता येतात. शिकलेल्या माणसाने शेजारी उभे राहून एकदा वाचून दाखवले तर आठवीतले पोरही पुढची दोन नावे स्वतः लावू लागते. तेवरला कोरीव दगड गावातच दिसतात, काहींना शेंदूर लागला आहे. मदन महाल टेकडीवर आहे. बडा शिमला टेकडीपाशी १८२८ साली इंग्रज अधिकारी स्लीमनला हाडे सापडली. हिंदुस्थानातल्या डायनोसॉरच्या अभ्यासाची ती सुरुवात. कमानिया गेट १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभे आहे, ज्या काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषबाबूंनी १५८० विरुद्ध १३७७ मतांनी जिंकले होते. गोलबाजारच्या शहीद स्मारकात ब्योहार राममनोहर सिंहांची भित्तिचित्रे आहेत.

यांपैकी एकाही जागेला आपल्या दुरुस्तीमुळे कुलूप लागत नाही. मग इमारत बंद असताना संग्रहालयाने तिथे जावे. रविवारी सकाळी अभिरक्षकाने तेवरला यावे, गावकऱ्यांना आणि मुलांना सोबत घेऊन तास-दीड तास बोलावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय काढले. ते शाळांच्या अंगणात जाऊन उभे राहते. आमच्याकडे बस नसेल तर जीप चालेल. कलचुरी राजा गांगेयदेवाच्या सोन्याच्या नाण्याची हुबेहूब प्रतिकृती करा. नाणे जेमतेम चार ग्रॅमचे. एका बाजूला मांडी घालून बसलेली चार हातांची लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला तीन ओळींत नागरीत राजाचे नाव. भिंग हातात देऊन ते नाव मुलाला वाचायला लावा. हजार वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव आपल्याला वाचता येते, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहायला आपण स्वतः यावे. त्याला ना वातानुकूलित दालन लागते, ना उद्घाटनाची फीत.

आणखी एक सुचवतो. हेगच्या माऊरित्सहाउस संग्रहालयाने २०१२ ते २०१४ या दुरुस्तीच्या काळात आपली काही चित्रे जपान, अमेरिका आणि इटलीला धाडली आणि बरीचशी त्याच शहरातल्या दुसऱ्या संग्रहालयात मांडली. आम्हाला जपान नको, नागपूर पुरे. जबलपूरची इमारत दुरुस्त होत असताना निवडक कलचुरी शिल्पे नागपूरला नेऊन बिलहरीच्या शिलालेखाशेजारी मांडा, रीतसर करार करून, परतीची तारीख लिहून. आणि नागपूरला कधी काम निघाले तर तो शिलालेख काही महिने आमच्याकडे पाहुणा म्हणून येऊ द्या. दोन राज्यांच्या दोन खात्यांनी एकमेकांना एक पत्र लिहिले तर होण्यासारखे आहे.

पाचवी तक्रार अशी की नव्या दालनांत काय सांगायचे, हे ठरवताना गावाला कुणी विचारत नाही. दार उघडते तेव्हा नवे दिवे, नव्या काचा, मोठा पडदा, आणि मजकूर तोच जुना. जबलपूरची गोष्ट एका जातीची किंवा एका भाषेची नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य आणि २४ जून १५६४ रोजी रणांगणात पडलेली राणी दुर्गावती हा या गोष्टीचा कणा. १८ सप्टेंबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी दिलेले शंकरशाह आणि रघुनाथशाह हे त्याच घराण्यातले. त्यांच्या नावाचे आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय इथे नोव्हेंबर २०२४ मध्ये खुले झाले, हे फार चांगले झाले. पुढे रेल्वे आली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग इथेच जुळले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. १९५६ मध्ये उच्च न्यायालय आले. त्या प्रत्येक लाटेबरोबर माणसे आली, आणि त्यांत आम्ही मराठीही होतो.

आमचा धागा त्याआधीचा. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे गेला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे, आणि १८१७ अखेर इंग्रजांकडे. छत्तीस वर्षांच्या त्या राजवटीचे पोवाडे गावेत असे माझे म्हणणे नाही; गोंड राज्य बुडाले ते तेव्हाच, हेही त्याच फलकावर लिहिले जावे. पण तो काळ दोन ओळींत गुंडाळूही नये. जुन्या मराठी घरांतून मोडी कागद अजून निघतात. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात ते असतात, आणि घर विकले की रद्दीत जातात. दुरुस्तीच्या काळात महिन्यातून एक दिवस ‘कागद घेऊन या’ असा ठेवा. लोक कागद आणतील, तुम्ही फोटो घ्या आणि मूळ कागद परत करा. गोंडी बोलणाऱ्या गावांत, कारखान्याच्या वसाहतींत, रेल्वेच्या चाळींत हेच करा. इमारत उघडेल तेव्हा तिच्यात मांडायला नवे काही हाताशी असेल, आणि ते देणारे लोक स्वतःहून पाहायला येतील.

आपली उत्तरे मला ठाऊक आहेत. सुरक्षितता हे पहिले. ते रास्त आहे. वेल्डिंग चालू असेल त्या दिवशी, छत उघडे असेल त्या आठवड्यात, जरूर बंद ठेवा. मुलांना पहाडाखालून न्यावे असे कुणी म्हणत नाही. दुसरे उत्तर मनुष्यबळाचे. तेही खरे आहे. पण या शहरात विद्यापीठ आहे, इतिहासाचे विद्यार्थी आहेत, आमच्यासारखे निवृत्त शिक्षक आहेत. बोलावून तर पाहा. तिसरे उत्तर पैशाचे, आणि तिथेच माझी शेवटची मागणी आहे.

दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंट, लोखंड, फरशी, रंग, दिवे, लिफ्ट या सगळ्यांची स्वतंत्र कलमे असतात. त्यांतच एक कलम घाला : ‘कामाच्या काळात संग्रहालय चालू ठेवण्याचा खर्च’. तात्पुरते दालन, फिरती पेटी, नोंदणीचा कॅमेरा, तेवर-भेडाघाटच्या फेऱ्या, सूचीची छपाई, सगळे त्यात बसेल. एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ निघेल. आणि कलम असले की कंत्राटदार, लेखापाल, अभिरक्षक सगळे आपोआप त्याच्या मागे लागतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कलम नसले की ते कुणाचेच काम नसते.

आपण सगळे कामात असता, या पत्राला उत्तर लिहायला सवड होणार नाही, हे मी समजू शकतो. पुढच्या निविदेत ते एक कलम दिसले तर त्यालाच उत्तर मानीन.



आपला,
जबलपूरचा एक निवृत्त शिक्षक